मोगांच्या घरचा कोंको

पेलेग्रिनने डुकराच्या एका मांडीच्या लाचेपायी सख्ख्या भावाचा गळा कापला, असं आमच्या सेरात गावात लोक कुजबुजत होते. तीच वाळवलेली मांडी खालच्या गावात पोचेपर्यंत घोडी झाली आणि व्येलाच्या बाजारात तर दोन घोड्या, त्याही गाभण. आमच्या खोऱ्यात बातमी उतारावरून घरंगळत जाते. वाटेत तिला बर्फ चिकटायचंच.

गळा अर्थातच शाबूत होता. चांगला जाड, लाल, आणि त्या वसंतात पहिल्यांदाच त्यावर टाय आवळलेला. माद्रिदवाल्यांनी मोडलेली खोऱ्याच्या कारभाराची जुनी सभा परत मिळाली होती, तिची पहिली निवडणूक लागली आणि मोगांच्या घरचा धनी आमादेउ तिला उभा राहिला. त्याआधी सेरातमधलं माणूस उभं राहायचं ते फक्त चर्चमध्ये, तेही पाद्रीबाबांनी सांगितल्यावर. आमादेउने तर व्येलात एक खोलीही बघून ठेवली. म्हणे सभासदाने सभेजवळ राहावं. ती खोली औषधांच्या दुकानावर होती आणि दुकान एका विधवेचं होतं, हे त्याच्या बायकोला, साबिनाला, सांगायला अर्धं गाव टपलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि पातेलं घासत राहिली.

पेलेग्रिन हा आमादेउचा धाकटा भाऊ. आमच्याकडे घर थोरल्याचं. धाकट्याने एकतर सीमा ओलांडून फ्रान्सात पोट भरावं, नाहीतर लग्नाचं नाव न काढता थोरल्याच्या घरी राबावं. अशा बिनलग्नाच्या काकाला कोंको म्हणतात. चुलीजवळचं बाकडं, सकाळ-संध्याकाळ ताटलीभर सूप आणि पोरांनी कान ओढणं, एवढ्यावर कोंको म्हातारा होतो. पेलेग्रिनची तक्रार नव्हती. उन्हाळ्यात वरच्या कुरणात गाई, हिवाळ्यात बाकडं. बाकड्याच्या लाकडात त्याच्या बसण्याचा खळगा पडला होता. पाहुणा चुकून तिथे बसला तर पोरंच ओरडायची, "उठा हो, ती कोंकोची जागा!"

सेरातमध्ये मत माणसाचं नसतं, घराचं असतं. मताच्या चिठ्ठ्या आणि पाकिटं टपालाने घरी येतात, सगळ्या पक्षांची. निवडणुकीच्या सकाळी घरधनी न्याहारीच्या टेबलाशी बसतो, आपली चिठ्ठी एकेका पाकिटात घालतो, गोंदाला जीभ लावतो आणि वाटतो. बाकीच्या चिठ्ठ्या चूल पेटवायला. आमादेउने बायकोला दिलं, म्हाताऱ्या आईला दिलं आणि शेवटी पेलेग्रिनला.

"मळवू नकोस. हात बघ तुझे, शेणाचे!"

"धुतलेत, दादा."

"धुतलेत म्हणे. गाईला विचार."

म्हणून पेलेग्रिनने ते पाकीट सदऱ्याच्या आत, अगदी छातीशी ठेवलं, वरपर्यंत गुंड्या लावल्या आणि मतदान होतं त्या शाळेत गेला. टेबलामागे मास्तरीणबाई आणि पाद्रीबाबांची बहीण बसली होती. ओळखपत्र दाखवून झालं. पाकीट काढायची वेळ आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन बायकांसमोर छाती उघडी करावी लागणार. कोपऱ्यात सरकारी नियमाचा हिरवा पडदा टांगलेला होता. तो आडोसा आहे खरा, पण त्याच्याआड सेरातमधलं कुणी जात नाही. पाकीट घरून बंद होऊन येतं. आड जायचं ते ज्याला लपवायचं आहे त्याने. पेलेग्रिन सरळ त्याच्याआड गेला.

पाद्रीबाबांच्या बहिणीची सुई विणता विणता थांबली. ती थांबल्याचं तिच्या आयुष्यात दुसरं उदाहरण नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. आमच्या भागातली शेवटची जागा पाबांच्या घरच्या दामियानने नेली, एका मताने. खानावळीत लोक घराघराचा हिशेब मांडत बसले. बोर्दांचं घर आमादेउचं, ते तंतोतंत. सास्त्रांचं घर दामियानचं, तेही तंतोतंत. हिशेब लागेना तेव्हा सगळ्यांनी हळूच पाद्रीबाबांच्या बहिणीकडे पाहिलं. तिने एक घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाली, "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मोगांच्या घरात एकाला पडदा फार आवडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमादेउने पेलेग्रिनला गोठ्यात गाठलं.

"पडद्याआड काय करत होतास?"

"गुंडी सोडत होतो."

"गुंडी?"

"पाकीट आत होतं, दादा. समोर बायका होत्या."

"दामियानने काय दिलं तुला?"

"काही नाही. तू दिलेलं तेच टाकलं. देवाशप्पथ."

आमादेउने मान डोलावली. पेलेग्रिनला वाटलं, मिटलं. जूनमध्ये नेहमीसारखा तो गाई घेऊन वर गेला. उन्हाळाभर कुणी कुरणात फिरकलं नाही, पण कोंकोकडे कोण फिरकतं!

ऑक्टोबरात पहिल्या बर्फाआधी तो गाई घेऊन खाली उतरला. आमादेउ फाटकात उभा होता. एकेक गाय त्याने थोपटून आत घेतली, लंगड्या कालवडीलासुद्धा. शेवटची गाय गेली तसं त्याने फाटक ओढून घेतलं.

"दादा, मी राहिलो."

"तुला वरचा गोठा आहे."

"हिवाळ्यात? तिथे धुराडंही धड नाही."

"मग दामियानकडे जा. त्याच्याकडे दोन धुराडी आहेत."

खिडकीतून आई पाहत होती. तिने पडदा सोडला. आमच्याकडे घरधन्याच्या शब्दापुढे आईसुद्धा पाहुणीच.

पेलेग्रिन वर गेला. वाळलेलं गवत होतं, बटाटे होते, लाकूड बेताचं होतं. साबिना बर्फ तुडवत मधून मधून यायची, फडक्यात बांधलेलं 'ओल्या'चं, म्हणजे आमच्याकडच्या मांस-भाज्यांच्या रश्श्याचं, भांडं घेऊन. त्या रश्श्यात रक्ताच्या सॉसेजचा तुकडा आवर्जून असायचा. गावात तिचं कौतुक झालं. दिराची एवढी माया! पेलेग्रिन जेवायचा आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलायचा.

"वहिनी, पाकीट फाटलं तर नसेल? घामाने चिठ्ठी भिजली असेल का?"

"असेल, भाऊजी."

"की पडद्याआड माझा हात कुठे दुसरीकडे लागला? तिथे चिठ्ठ्यांचे ढीग होते."

"मी कसं सांगू?"

डिसेंबरात त्याला खोकला लागला. लाकूड संपत आलं. साबिना भांडं रिकामं करत म्हणाली, "भाऊजी, नाताळला खाली या. कबूल करून टाका आणि माफी मागा. त्यांचा राग तुमच्यावर नाही, तुमच्या हट्टावर आहे. सणाच्या दिवशी ते नाही म्हणायचे नाहीत."

"पण मी केलं नाही."

"तुम्हाला तरी काय खात्री आहे?"

हे मात्र खरं होतं. इतके महिने एकट्याने विचार करून त्याला आता खात्री उरली नव्हती.

नाताळच्या दुपारी तो खाली उतरला, दाढी करून, वरपर्यंत गुंड्या लावून. पोरांनी दारातच गलका केला, "कोंको आला!" चुलीत सणाचा ओंडका जळत होता. त्याच्या बाकड्यावर कोणी बसलं नव्हतं. त्याने ते पाहिलं आणि टोपी काढली.

"दादा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

पेलेग्रिनने वहिनीकडे पाहिलं. ती रस्सा ढवळत होती.

"ते... पडद्याआड. मत. मीच."

आमादेउने ओंडका चुलीत आत सारला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात तोवर किंतु होता. पोरं रोज विचारत होती, आई जेवत नव्हती. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला भावाला खाली आणायचं असं त्याने पाद्रीबाबांना सांगूनही ठेवलं होतं.

"म्हणजे तूच," तो म्हणाला. "आणि देवाची शपथ घेतलीस माझ्यासमोर."

"दादा, तू माफ करशील म्हणून..."

"कोण म्हणालं मी माफ करीन?"

पेलेग्रिनने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. वहिनीला मध्ये ओढणं त्याला बरं वाटलं नाही. आमादेउने स्वतः दार उघडलं आणि तो उंबऱ्याबाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं. मग लावलं.

त्यानंतर फार बर्फ पडलं आणि वरची वाट बंद झाली. वाट मोकळी झाली तेव्हा सभेचा सदस्य म्हणून दामियान बर्फाने ढासळलेल्या कड्यांची पाहणी करायला चढला. गोठ्याचं दार आतून लावलेलं होतं. चूल थंड होती आणि खाटेची दोन्ही फळकुटं जाळून झालेली होती. पेलेग्रिन गवतात होता. प्रेत दामियाननेच स्लेजवर खाली आणलं, तर गाव म्हणालं, बघा, कबूल केलेल्या घोडीचे पैसे फेडतोय.

पेलेग्रिनने भावाने दिलेलं बंद पाकीटच पेटीत टाकलं होतं. दामियानने त्याला कधी काही दिलं नव्हतं. साबिनाने चूल पेटवायच्या चिठ्ठ्यांतून दामियानची चिठ्ठी उचलून स्वतःचं पाकीट घरीच बदललं होतं, आमादेउ व्येलाला राहायला जाऊ नये म्हणून.