ब्रेकऐवजी उत्साह

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एकाने हुकूम सोडायचा आणि बाकीच्यांनी ऐकल्यासारखं करायचं, अशी व्यवस्था जिथे असते तिथे ते आपोआप साचतात. गॅरेजच्या जमिनीवर तेल साचतं तसे. आमच्या रत्नागिरी-कोल्हापूर सर्व्हिस मोटारीच्या गॅरेजात तेलही पुष्कळ होतं. दोन्हींवरून घसरून पडणारा माणूस मात्र एकच. मी!

*

कॉलेज मी सोडलं. वडील सांगतात, कॉलेजने मला सोडलं. आमचे प्रोफेसर स्वतः विद्यार्थी असताना उतरवून घेतलेल्या नोट्स आम्हाला उतरवून देत. एकदा म्हटलं, "सर, पान उलटायचं राहिलं." तिथून आमचं बिनसलं.

वडिलांनी मला आपल्या मित्रापुढे, म्हणजे मोटारीचे मालक आबासाहेब यांच्यापुढे, नेऊन उभं केलं.

"काय शिकून आलास?"

मुंबईला रद्दीत मिळालेलं एक अमेरिकन पुस्तक मी वाचलं होतं. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे लेखक कोण ते आजही ठाऊक नाही. छाती काढून म्हटलं, "नोकरांचा उत्साह वाढवला की काम आपोआप वाढतं, असं शास्त्र आहे."

"उत्साहाला खर्च किती?"

"काहीच नाही."

"उद्यापासून ये!"

*

पहिल्याच दिवशी ड्रायव्हर धोंडूमामाने मला मोटारीखाली वाकायला लावलं. "म्यानेजर, घाट उतरताना ब्रेक लागत नाय. नवीन घालायला सांगा मालकाला."

"मग आजवर मोटार थांबते कशी?"

त्याने क्लीनर गंगारामकडे बोट दाखवलं. हा खेडचा, चाळिशीतला गडी. आंबा घाट उतरताना हा फूटबोर्डावर मांडीएवढा दगड घेऊन उभा राही. धोंडूमामाने हाळी दिली की उडी मारायची आणि दगड चाकापुढे टाकायचा.

"आनि दगड चुकला तर?" मी विचारलं. त्यांच्यात तासभर बसूनच माझीही जीभ वळायला लागली होती.

"तर मी हाय की चाकापुढं!" गंगाराम म्हणाला.

मी तावातावाने आबासाहेबांकडे गेलो. हे स्वतःच्या मोटारीत कधी बसत नसत. मुंबईला बोटीने जात आणि कोल्हापूरला जातच नसत. ते म्हणाले, "ब्रेक ठीक आहेत. माणसं ढिली झालीत. तुला कशाला ठेवलाय?"

भांडायला गेलेला मी, उत्साहाची जबाबदारी घेऊन परत आलो.

*

पुस्तकात बक्षिसाचा मोठा महिमा होता. मी जाहीर केलं, कोल्हापूरला वेळेवर पोचाल तर कोरं धोतर.

धोंडूमामा वेळेवर पोचला. वेळेच्या आधीच पोचला. मोटार रिकामी! पॅसेंजर साखरप्याला चहा प्यायला उतरले होते, ते तिथेच बशीत फुंकर मारत राहिले.

"अहो, माणसं कुठे?"

"बक्षीस येळेचा व्हता, मान्सांचा नव्हता."

आबासाहेबांनी त्या पॅसेंजरांच्या शिव्या ऐकल्या, मी आबासाहेबांच्या. धोतर द्यावं लागलंच. धोंडूमामाने ते शेवटपर्यंत जपून वापरलं. मला बघितलं की हमखास नेसायचा.

*

पुढचं प्रकरण स्तुतीचं. माणसाला चार गोड शब्द पगारापेक्षा प्रिय असतात, असं पुस्तक म्हणत होतं. मी चारचौघांत धोंडूमामाच्या पाठीवर हात ठेवला. "तुमच्यासारखा ड्रायव्हर अख्ख्या जिल्ह्यात नाही!"

त्याचा चेहरा पडला. न जेवता घरी गेला.

संध्याकाळी त्याची बायको डोळ्याला पदर लावून गॅरेजात हजर. "भाऊ, ह्यांची नोकरी गेली काय वो?"

"छे हो! मी तर कौतुक केलं त्यांचं."

"म्हंजे गेलीच की!"

आमच्या भागात चांगलं बोलतात ते मयताला जमल्यावर. जिवंत माणसाचं कौतुक म्हणजे निरोपाची तयारी. हे त्या अमेरिकनाला माहीत नसणार हे समजू शकतो. मी तर रत्नागिरीत जन्मलो होतो! दुसऱ्या दिवशी मी धोंडूमामाला सगळ्यांसमोर म्हटलं, "गाडी हाकता की बैल?" गडी खुलला. गुणगुणत हँडल मारायला गेला.

*

मग मी रोज सकाळी मोटार सुटायच्या आधी भाषण सुरू केलं. "आपण सारे एका कुटुंबातले!"

मागून गंगाराम: "व्हय म्हाराजा!"

"मालकाचा फायदा तो आपला फायदा!"

आता सगळे, पॅसेंजरसुद्धा: "व्हय म्हाराजा!"

माझी छाती फुगली. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो, नारळ ठेवून देवाकडे गावासाठी मागणं मागतो, तेव्हा लोक प्रत्येक वाक्याला हाच होकार भरतात. मला हे ठाऊक होतं. पण आपली टिंगल चालली आहे हे कळायला मला आठवडा लागला. तोवर मी भाषण लांबवत नेलं होतं, आणि आता ते आबासाहेबांच्या हुकमाने रोज करावंच लागत होतं.

*

आता पेटीचं. नोकरांच्या तक्रारी ऐकून घ्याव्यात, असं पुस्तकात होतं. तोंडी तक्रारीचा निकाल मी ब्रेकच्या वेळी पाहिला होता. म्हणून एक लाकडी पेटी केली, मडगार्डांचा उरलेला तांबडा रंग फासला आणि वर झोकात लिहिलं, 'गाऱ्हाणी येथे घालावीत.'

माझ्या पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. पण शेंदूर फासल्यासारखी तांबडी पेटी, आणि तिच्यापुढे गाऱ्हाणी घालायची! सकाळी येऊन बघतो तर समोर नारळ, दोन जास्वंदी आणि उदबत्ती.

मी देव मानत नाही. तिथल्या तिथे पेटी उचलायला गेलो, तर आबासाहेब गरजले, "खबरदार! तुझ्या भाषणांनी एक पॅसेंजर वाढला नाही. या पेटीने मोटार भरतेय."

खरंच भरत होती. घाटात जायचं म्हणून लोक पेटीला नारळ ठेवून चढत. ब्रेकचं काम आता पेटीकडे आलं होतं. गंगारामचा दगड तेवढा होता तिथेच होता.

*

आणि एक दिवस आबासाहेबांनाच कोल्हापूरला जायची पाळी आली. मुलीचं स्थळ होतं. मोटारीचे मालक भाड्याच्या गाडीतून आले असं दिसून कसं चालेल?

सकाळी ते जरीची पगडी घालून आले. मोटारीकडे बघितलं. फूटबोर्डावरच्या दगडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेटीपुढे नारळ ठेवून म्हणाले, "धोंडू, गाऱ्हाणं घाल."

धोंडूमामाने बक्षिसाचं धोतर सावरलं, हात जोडले. "बा पेटीच्या देवा म्हाराजा! आज आमचा मालक तुझ्या भरवशावर घाटात निघालाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"दगड घेऊन उडी मारनाऱ्या गंग्याचे हातपाय शाबूत ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आबासाहेब सगळ्यांच्या पुढे.

"आनि येत्या बाजाराच्या आत गाडीला नवीन ब्रेक घालायची मालकाला बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे. एक आवाज कमी होता.

धोंडूमामा डोळे मिटूनच थांबला. पॅसेंजर मालकाकडे बघत थांबले. गंगारामने दगड या हातातून त्या हातात घेतला.

"मालक, देवाला आयकू नाय गेला."

"व्हय म्हाराजा," आबासाहेब पुटपुटले.

"देव लांब हाय, मालक!"

"व्हय म्हाराजा!!" पगडी हलली.

"आनि ह्ये आमचे म्यानेजर रोज सकाळी भाषान करतात, ता आजपासून कायमचा बंद होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता!