दिनानाथने आवळलेले नट

वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या दिनानाथची गाठ कधी सुटत नसे. केळीला लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, लागलं की झाड त्याच्या भाराने वाकतं, म्हणून बांबूचा टेकू देऊन काथ्याने आवळायचं. गावात हे काम त्याच्याइतकं घट्ट कोणाला जमत नव्हतं. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या वाऱ्यात त्याचाच एक टेकू सरकला आणि लोंगरासकट केळ त्याच्या लाडीवर पडली, तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नाही. लाडी म्हणजे त्याची शेळी. मागचा पाय मोडला होता.

"हिला विकायची नाही," त्याने बायकोला बजावलं.

"मी कुठे विकते म्हटलं?" मनोरमा म्हणाली. "पण तीन पायांच्या शेळीचं काय होतं ते तुम्हाला पण ठाऊक आहे."

ते ठाऊक होतं म्हणूनच तर तो चिडला होता.

वसईला डॉक्टर जितेंद्र म्हणून जनावरांचे डॉक्टर होते, तरुण आणि हसतमुख. त्यांनी हाडात सळ्या घालून बाहेरून लोखंडी चौकट बसवली. लाडीला घरी आणली, तर पाय टेकताना चौकट किंचित लचके. फार नाही, केसभर. पण दिनानाथच्या डोळ्यांना ते सुईसारखं टोचलं.

"मोठा डॉक्टर! साधा नट आवळता येत नाही."

त्याने मोटारीचा पाना आणला आणि एकेक नट पिळून घेतला. तरी समाधान होईना, म्हणून वरून बांबूच्या कामट्या लावून काथ्या गुंडाळला. शेजारची जुलियाना कुंपणावरून बघत होती.

"दिनाभाऊ, शेळी बांधतोस की माडी बांधतोस?"

"तू तुझ्या भाज्या बघ."

काही आठवड्यांनी तपासणीला जायचं त्या सकाळी, डॉक्टरांना दिसू नये म्हणून मनोरमाने काथ्या आणि कामट्या सोडून टाकल्या. नट तसेच राहिले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि त्यांचं हसू गेलं. हाडाची दोन टोकं जिथे होती तिथेच, मधे काही नाही. त्यांनी चौकट हलवून पाहिली. हलेना.

"कुणी आवळली ही?"

मनोरमाने नवऱ्याकडे पाहिलं. दिनानाथने छताकडे.

"मी थोडी ढिलाई मुद्दाम ठेवली होती, काका. मोडलेल्या जागी जरा जरा हालचाल झाली की शरीर मधे नवं हाड भरायला लागतं. मेंढ्यांवर प्रयोग करून पाहिलंय हे. फार ढिलं ठेवलं तर जुळत नाही, फार ताठ ठेवलं तर हाड गप्प बसून राहतं."

"त्या मेंढ्या कुठे केळीखाली सापडल्या होत्या?" दिनानाथ म्हणाला. "ढिलं राहिलं म्हणून तर मोडला पाय."

"टेकू ढिला राहिला होता," डॉक्टर म्हणाले. "केळीला हाड नसतं."

त्यांनी नट सैल केले आणि लाडीला रोज अंगणात चालू द्या म्हणून सांगितलं. घरी दिनानाथला ते बघवेना. लाडी टेकत टेकत चाले, चौकट लचके, आणि हा ओटीवर बसून हात चोळत राही. एकदा पाना शोधायला गेला, तर तो जागेवर नव्हता. मनोरमाने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. मग तो बागेत जाऊन उगाचच चार टेकू पुन्हा आवळून आला.

पुढच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती पांढुरकं धुकं दिसलं, जाडसर गाठीसारखं.

"भरतंय," डॉक्टर म्हणाले. "आता पाय वाचला."

मनोरमाने डोळे पुसले. दिनानाथ बराच वेळ तो काळा कागद उजेडाला धरून बघत राहिला.

"म्हणजे मी काही केलं नाही, म्हणून झालं."

"हो, काका."

येताना टेम्पोत तो लाडीला टेकूनच बसला. शेळी वाचली होती, आणि राग काढायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं; चूक त्याचीच होती. लाडी त्याच्या धोतराचा काठ चघळत होती. त्याने तो सोडवून घेतला नाही.