झुंजीतून आलेली

आमच्या ह्यांना कुत्र्यांचं वेड आहे हे लग्नाआधीच सांगितलं होतं मला, पण ते वेड एकाच जातीचं आहे हे नंतर कळलं. केबिन रोडवर ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की हे फोनवर पिटबुलचे व्हिडिओ बघणार. कुणाची छाती रुंद, कुणाचा जबडा कसा, कुणाचे आईबाप कुठले. जेवतानासुद्धा तेच. सासूबाई म्हणायच्या, "एवढी स्थळं माझ्या पोरींसाठी बघितली असतीस तर!"

मला वाटलं होतं, आणलंच तर पिल्लू आणतील. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि दारात उभी राहिली ती पुरी वाढलेली कुत्री. मातकट तपकिरी रंग, कान अगदी मुळाशी कापलेले. भुंकली नाही, काही नाही. आत आली, सगळ्या खोल्या हुंगून झाल्या आणि सासूबाईंच्या खाटेखाली जाऊन पसरली.

"तिच्या तोंडावर हे काय झालंय?" मी विचारलं.

"काटेरी तारेत अडकली होती म्हणे," हे म्हणाले.

सासूबाई रत्नागिरीकडच्या, गुराढोरांत वाढलेल्या. कुत्र्याला घरात घ्यायला त्यांचा विरोध होता, पण जनावराची कातडी कोरडी दिसली की त्यांना राहवत नाही. दुसऱ्या दिवशी खोबरेल घेऊन बसल्या. पुढच्या पायांवरून, मानेवरून बोटं फिरवता फिरवता थांबल्या.

"तार एका अंगाला लागते रे. हे चारी बाजूंनी आहे. दात आहेत हे."

मग ह्यांनी खरं काय ते सांगितलं. उत्तरेकडे कुठेतरी तिला झुंजीत उतरवायचे. पैजा लागायच्या. ती लंगडायला लागली तशी मालकाने विकायला काढली, आणि ह्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी फोटो पाठवला.

मी चिडले. "घरात म्हातारं माणूस आहे आणि तुम्ही झुंजीची कुत्री आणलीत?"

"अगं, झुंज तिने मागितली होती का?" हे म्हणाले.

खरं सांगायचं तर घरात तिने आम्हाला काहीच त्रास दिला नाही. माणसांची तिला फार ओढ. मी भांडी घासायला लागले की माझ्या पावलांवर हनुवटी टेकून बसायची. सोसायटीत मात्र कुरबुर सुरू झाली. लिफ्टमध्ये ती असली की लोक मागे सरायचे. आम्ही तिला तोंडाला जाळी बांधूनच खाली न्यायला लागलो.

रविवारी सकाळी हे तिला जवळच्या मुर्धा गावाला घेऊन जायचे. जुन्या मिठागराच्या बाजूला मोकळी जागा आहे, तिथे ह्यांच्यासारखीच चार-पाच माणसं आपापले पिटबुल घेऊन जमायची. एकदा घावणे बांधून घेऊन मीही गेले. माणसं चांगली होती. कुत्र्यांना कुणी उकडलेली अंडी आणलेली, कुणी कलिंगड. त्यात उत्तनचे एक काका होते, आयुष्यभर बोटीवर काम केलेले. आणि एक व्यायामशाळा चालवणारा तरणाबांड गडी, त्याचा काळा कुत्रा अजून पोरगेलासाच होता.

गप्पा मात्र फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायच्या. ही जात मागे हटत नाही. मरेल पण सोडणार नाही. ते सांगताना सगळ्यांचे डोळे चमकायचे, ह्यांचेसुद्धा.

"झुंजी वाईटच हो वहिनी," व्यायामशाळावाला मला म्हणाला, "पर ये जिगर वहीं से आया है ना?"

थोड्या वेळाने त्याने ह्यांना गळ घातली. दोघांना फक्त समोरासमोर उभं करू, पट्टा हातात ठेवू, बघू तरी ती कशी उभी राहते. हे नको नको म्हणाले, पण त्या नको म्हणण्यात जोर नव्हता. बघायचं ह्यांनाही होतं. जाळी काढली.

ती गुरगुरलीसुद्धा नाही. माझ्या पायाशी बसणारी ती कुत्री क्षणात कुणी दुसरीच झाली. पट्टा ह्यांच्या हातातून निसटला आणि तिने काळ्याचा कान धरला. तो केकाटत होता, ती गप्प. हे मध्ये पडले आणि हात फाटला. मी नुसती ओरडत होते. काकांनी खिशातून लाकडाची चपटी पाचर काढली, तिच्या दाढांमध्ये सरकवली, पिळली, तेव्हा कुठे जबडा सुटला.

"क्या पकड है!" व्यायामशाळावाल्याच्या तोंडून निघून गेलं. त्याने सगळं फोनवर घेतलं होतं. मग त्याने आपल्या कुत्र्याला हाक मारली. काळा गाडीखाली शिरला होता आणि थरथरत होता, मालकाला हात लावू देईना. तो धिप्पाड माणूस मातीत पोटावर झोपून "ये रे, बाळा, ये ना" करत राहिला. शेवटी उठून बसला, फोन काढला आणि कुणी न सांगता तो व्हिडिओ पुसून टाकला.

हे तिला घट्ट धरून बसले होते. हातातून रक्त गळत होतं आणि ती तेच चाटत होती.

"काका, ती पाचर तुम्ही रोज बाळगता?" मी विचारलं.

"व्हय. माजे दोन्ही कुत्रे गरीब हाय, कधी कुनाला चावले न्हाय," ते म्हणाले. "पन त्यांच्या आज्या-पंज्यांना मान्सानं कशाला जन्माला घातलं, ते मी विसरत न्हाय."

घरी येऊन मी स्पष्ट सांगितलं, ही इथे राहणार नाही. हे म्हणाले, "देऊ. पण कोणाला? जो घेईल तो झुंजीलाच घेईल, नाहीतर पिल्लांसाठी." सासूबाई ह्यांच्या हाताची पट्टी बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे तिला. पण नसबंदी करून घे. ह्यापुढे तिची पोरं कुणाच्या पैजेला नकोत."

तिची पिल्लं हे ह्यांचं किती दिवसांचं स्वप्न होतं ते मला ठाऊक होतं. नावंसुद्धा काढून ठेवली होती. पण त्याच आठवड्यात दुकान बंद ठेवून तिला दवाखान्यात घेऊन गेले. परतताना रिक्षात तिचं गुंगीतलं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं आणि हे बाहेर रस्त्याकडे बघत होते. मी तिच्या अंगावरचा टॉवेल सारखा केला.

आता मुर्ध्याला हे आणि काका दोघेच जातात, कुत्र्यांचे पट्टे हातात आणि मध्ये भरपूर अंतर. व्यायामशाळावाला दुकानात येऊन जातो. त्याचा काळा बरा झाला, कानाची कड तेवढी गेली. व्हिडिओ हे अजूनही बघतात. परवा त्यात झुंजीचा एक तुकडा लागला, तेव्हा ह्यांनी फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाले, "चहा टाकतेस?" मी आधण ठेवलं. सासूबाई खोबरेलाची वाटी कोमट करून घेऊन गेल्या, कारण थंडीत तिचा तो लंगडा पाय आखडतो.