पोटातलं शिंगरू

नालबंदकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोड्यांचे पाय मांडीवर घेतले. स्वतःचा घोडा त्यांच्याकडे कधीच नव्हता. शिक्षण संपवून मी नोकरीच्या शोधात होतो, तेव्हा त्यांच्या भट्टीशी जाऊन बसायचो. तिथेच आमची मैत्री जमली.

एका गिऱ्हाइकाच्या तबेल्यातली करडी घोडी त्यांची लाडकी. बाकीचे घोडे पाय ओढून घेत. ही आपणहून उचलून देई. ती गाभण राहिली आणि काकांची झोप उडाली. जन्मलेलं शिंगरू त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. पोटातलं स्वस्त पडतं, कारण त्यात धोका असतो. किंमत ठरली ती अशी: तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना दोन वर्षं फुकट नाल.

अशा सौद्याचा नियम तिथे जुना होता. शिंगरू आपल्या पायांवर उभं राहिलं की घेणाऱ्याचं. नाही राहिलं तर सौदा मोडला. तोवर घेणाऱ्याने हात लावायचा नाही. लावला, तर माल पसंत पडला असं धरायचं. साक्षीला घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार होता.

काकू म्हणाल्या, "पाण्यातल्या म्हशीचं मोल करू नये म्हणतात. तुम्ही तर पोटातल्या शिंगराचं केलंत. आता त्याच्या पोराबाळांचाही सौदा उरकून टाका."

काकांनी ते हसण्यावारी नेलं. शिंगरासाठी घरामागची लाकडांची खोली रिकामी केली. दार बाहेर उघडावं म्हणून बिजागऱ्या बदलल्या. लाकडं स्वयंपाकघरात आली आणि काकू दिवसभर त्यांना ठेचकाळत राहिल्या.

एका सकाळी मोतद्दार बोलवायला आला. मीही गेलो.

शिंगरू गवतावर पडलं होतं. ओलं, काळपट. पुढचे दोन्ही पाय आत मुडपलेले. ते उठू बघायचं आणि नाकावर आपटायचं. तबेल्याचा मालक दारात चहा पीत उभा होता.

काकांनी एकदाच पाहिलं. "शिरा आखडल्यात," ते मला हळूच म्हणाले. "हे उभं राहत नाही." आणि त्यांनी दोन्ही हात मागे बांधले. म्हणजे सौदा मोडल्यात जमा होता. काका सुटले होते.

मालकाने मोतद्दाराला जनावरांच्या डॉक्टरांना निरोप धाडायला सांगितलं. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

शिंगराला दुधाचा वास लागला असावा. ते पुन्हा उठलं, अर्धं. लटपटलं आणि भिंतीकडे कलंडलं. काकांचे हात पुढे गेले. त्यांनी त्याला पोटाखालून उचललं आणि घोडीच्या आचळाशी नेलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं.

मालकाने कप खाली ठेवला. "हात लावलास. तुझं झालं."

"पडत होतं म्हणून धरलं त्यांनी, मालक," मोतद्दार म्हणाला.

"धरलंच ना?"

काकांनी वाद घातला नाही. शिंगरू प्यायचं थांबेपर्यंत काका तसेच वाकून उभे होते.

मग त्यांनी शिंगराच्या पायांना फळ्या बांधल्या, चोळलं, उचलून उचलून पाजलं. त्यासाठी ते तबेल्यातच राहायला गेले. काकू डबा घेऊन यायच्या आणि मागची बाजू उचलू लागायच्या. पाय सरळ झाले नाहीत. पुढे गुडघ्यांना जखमा झाल्या, त्या चिघळल्या. शेवटी डॉक्टर कायमची झोपवणारी सुई घेऊन आले, पहिल्या दिवशी ज्यासाठी बोलावले होते त्याचसाठी. शिंगरू काकांचं होतं, त्यामुळे फी त्यांनीच दिली.

लाकडं परत मागच्या खोलीत गेली. बिजागऱ्या तशाच राहिल्या. काकूंना तेव्हा एकही म्हण आठवली नाही.

काका अजून त्या तबेल्यात फुकट नाल ठोकतात. शब्द म्हणजे शब्द, असं मालक सगळ्यांना सांगतो, आणि वर काकांचं कौतुकही करतो. परवा मी तिथे होतो. करडी पुन्हा गाभण आहे. तिने सवयीने पाय उचलून काकांच्या मांडीवर दिला. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं नाही, खूर घासत राहिले.

मालक हसत म्हणाला, "काय नालबंद, हेही घेतोस का?"

काकांनी तोंडातले खिळे हातात काढले.

"घेतो की. पण त्या दिवशी माझे हात बांधून ठेवा."

मालक मोठ्याने हसला. काकांनी खिळे पुन्हा ओठांत धरले आणि हातोडी उचलली.