सिमा मागत नाही

सिमा पेणकरने कुणाकडे काही मागितलेलं मी कधी पाहिलेलं नाही. मीठसुद्धा नाही. जेवताना मीठ कमी पडलं तर ती म्हणणार, "आज भाजीला पाणी बरंच सुटलंय, नाही?" मग आपण ओळखायचं आणि मिठाची बाटली तिच्याकडे सरकवायची. लंडनमध्ये क्रॉयडनला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, सव्वीस वर्षं. एवढ्या काळात माणूस एक तर शेजारणीचा गळा दाबतो, नाही तर तिच्या मनातलं ओळखायला शिकतो. मी शिकले. गळा दाबायचे विचार आलेच नाहीत असं मात्र नाही.

या सवयीचं मूळ शुक्रवारात आहे. सिमा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू, आई रेवदंड्याची. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी ती दोन मेणबत्त्या लावते, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणते, आणि तिथून शनिवारी तारे दिसेपर्यंत विस्तव नाही, दिव्याचं बटण नाही, फोन नाही. त्यांच्यातले सगळे काही एवढं पाळत नाहीत, ही पाळते. आता एखादा दिवा चालू राहिला तर तो शेजारणीने बंद केलेला चालतो, पण तिला 'बंद कर' असं सांगायचं नाही, हा तिच्या आईने घालून दिलेला दंडक. त्यामुळे दर शुक्रवारी जेवणं उरकली की मी पलीकडे जाते. सिमा सोफ्यावर बसून छताकडे बघत म्हणते, "काय बाई हा उजेड." मी बटण बंद करते. माझे मिस्टर पुरुषोत्तम होते तोवर म्हणायचे, "जा, तुमच्या सबस्टेशनवरून बोलावणं आलंय."

बाकीच्या सहा दिवसांतही ती तशीच. सत्तावीस वर्षं ती क्रॉयडनच्याच व्हिसा ऑफिसात काउंटरवर होती. दिवसभर काचेपलीकडून माणसं तिच्याकडे काही ना काही मागायची. घरी आल्यावर स्वतः मागायचं म्हणजे तिला जिवावर येत असेल. नवरा, हिलेल, लवकर गेला. लिऑरला एकटीने वाढवलं, तेव्हाही कौन्सिलकडे एक अर्ज केला नाही. नियम मात्र सगळे पाठ. नोटीस वाचल्याशिवाय ही बाई लिफ्टमध्येसुद्धा शिरत नाही.

लिऑर ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवर काम करायचा. यंदा मार्चमध्ये बायको मालविका आणि सात वर्षांची ऑर्ली यांना घेऊन तो नोकरीसाठी जपानला गेला, नागोयाला. तिथे गेल्यावर कळलं की मालविकाला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, जानेवारीतली तारीख. सप्टेंबरात एका दुपारी लिऑरचा मला फोन आला. आईला नाही, मला.

"अरुणामावशी, नोव्हेंबरमध्ये आईला हॉलिडेला बोलावतोय. तुम्हीपण या, ती एकटी फ्लाय करणार नाही. आणि एक विचारायचं होतं. तिला इथेच रहा म्हणू का? बाळ येईपर्यंत, नंतरपण. आम्हाला खूप हवी आहे ती. पण तिला खरंच आवडेल का? तुम्ही तिला ओळखता."

आता जे सांगते ते मला भूषणावह नाही. मी म्हटलं, "अरे, तिचे गुडघे, तिचं सिनगॉग, तिचा डॉक्टर, सगळं इथे. तू विचारलंस तर तिला नाही म्हणता येणार नाही, आणि मग तिथे बसेल कुढत. विचारूच नकोस."

बोलताना माझा आवाज इतका समंजस होता की माझं मलाच पटलं. खरं कारण एवढंच की पुरुषोत्तम गेले, मुलगा यतीन केंब्रिजला, त्याचा रविवारी वीस मिनिटांचा फोन, आणि दिवसभर भांडायला हक्काचं माणूस म्हणजे सिमा. ती गेली तर मी कुणाशी मराठीत भांडू? ट्राममधल्या लोकांशी?

त्याच आठवड्यात मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना सिमा कुंपणापलीकडून म्हणाली, "जपानात म्हणे ब्रिटिश पासपोर्टवर नव्वद दिवस राहता येतं." सव्वीस वर्षं तिचं न मागितलेलं मी ओळखत आले होते. हेही ओळखलं. आणि म्हटलं, "हो का? तुझे टोमॅटो यंदा काही लाल होत नाहीत बघ."

नोव्हेंबरात आम्ही गेलो. दहा दिवसांची सुट्टी, त्यातले शेवटचे तीन दिवस एका मोठ्या थीम पार्कमध्ये, तिथल्याच हॉटेलात. सगळे दिवस बरे गेले. ऑर्ली आजीला सोडतच नव्हती. लिऑर अधूनमधून आईकडे बघायचा, काही बोलायला तोंड उघडायचा आणि मग माझ्याकडे बघून मिटायचा. मी भज्यांसारखं काहीतरी खात असायचे.

पार्कमधला शेवटचा दिवस शुक्रवार होता. विमान रविवारी सकाळचं, पण शनिवारी सिमा बॅगेला हात लावणार नाही, म्हणून शुक्रवारी सकाळीच ती सामान भरायला बसली. मी दात घासून बाहेर आले तर तिची मोठी बॅग पलंगावर उघडी. ती बॅग दहा दिवसांत तिने माझ्यासमोर एकदाही पुरती उघडली नव्हती. वरच्या कप्प्यातून कपडे काढायची आणि झिप ओढायची. आता तळ दिसत होता. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची केमिस्टची पिशवी, तीन महिन्यांची. जाड कोट. मसाल्याचा डबा. प्रार्थनेचं पुस्तक. आणि एका पिशवीत डिंक, खारकेची पूड आणि बाळाची विणलेली दोन टोपडी.

"हे काय ग?" मी विचारलं.

"असू दे. दहा दिवसांत काय लागेल, सांगता येतं का?"

"डिंक लागतो?"

तिने टोपडी नीट घडी करून परत पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "परत न्यायचंच आहे आता. वजन तेवढं बसायला हवं."

मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा दात घासले. बाहेर काय करायचं ते सुचेना. ही बाई राहायच्या तयारीने आली होती आणि दहा दिवस मुलाच्या विचारण्याची वाट बघत होती. टोपडीसुद्धा तिने दिली नव्हती, कारण दिली असती तर मागितल्यासारखं झालं असतं. आणि तो विचारत नव्हता, कारण मी त्याला विचारू नकोस म्हटलं होतं.

सकाळभर मी गप्प होते. सिमाने विचारलं, पोट बिघडलं का. पार्कमध्ये तिचं आवडतं काम म्हणजे रांगा बघणं. पॉपकॉर्नला रांग, फोटोला रांग, कचरा टाकायलाही दोन माणसं एकामागे एक उभी. "आमच्या ऑफिसात अशी माणसं आली असती तर मी रोज चारला घरी गेले असते," असं ती तिसऱ्यांदा म्हणाली. एरवी मी तिला टोकलं असतं.

पावणेतीनला ऑर्लीने हट्ट धरला की बोटीच्या राइडमध्ये बसायचं. त्या राइडला उंचीची अट होती आणि ती नुकती त्यात बसायला लागली होती. "आजी, माझा उंची पुरते," ती दारातल्या पट्टीला टाच लावून म्हणाली. पाटीवर लिहिलं होतं, नव्वद मिनिटं. सूर्य पावणेपाचला मावळणार, त्यामुळे सिमाला साडेचारपर्यंत हॉटेलात परतायला हवं होतं. मालविकाला सातवा महिना, ती राइडमध्ये बसणार नव्हती. दोघी समोरच्या बाकावर बसल्या आणि ऑर्ली, लिऑर आणि मी रांगेत शिरलो. मला बोटीत काडीचा रस नव्हता. मला लिऑर एकटा हवा होता.

रांग दोरांमधून वळत वळत जाणारी. पन्नास मिनिटं मी हवेबद्दल बोलले. मग एका वळणावर बाक दिसला. सिमा मालविकाच्या पायांखाली स्वतःची पर्स ठेवत होती, पाय उंच राहावेत म्हणून. तेव्हा माझा धीर सुटला, की आला, काय म्हणायचं ते म्हणा.

"लिऑर, तुझ्या आईच्या बॅगेत तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत," मी म्हटलं. "आणि बाळाची टोपडी. ती तुझ्या विचारण्याची वाट बघतेय."

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "पण मावशी, तुम्ही सांगितलं, ती इथे अनहॅपी होईल."

"ती नाही रे. मी झाले असते, तिथे क्रॉयडनला."

त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्या स्वयंपाकघरात बसून शिरा खाणारा मुलगा, त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते येतं. पण रांग पुढे सरकली, आम्ही तिघं चार पावलं पुढे गेलो आणि पुन्हा उभे राहिलो. मागे दोनशे माणसं. ऑर्ली आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

"डॅडी, काय झाला?"

"आजीला एक गोष्ट विचारायची राहिली," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ऑर्लीला घेऊन जाल?"

"जाते."

तो दोराखालून वाकला आणि उलट दिशेने निघाला. 'सॉरी, सॉरी' म्हणत त्या सगळ्या शिस्तीतल्या माणसांमधून वाट काढत गेला. माणसं किंचित झुकून बाजूला होत होती. पुढच्या वळणावर मी बाकाकडे पाहायचं टाळलं.

बोटीचं काय सांगू. अंधारातून वर नेतात आणि खाली सोडून देतात. ऑर्लीने माझा हात धरला होता की मी तिचा, देव जाणे. मी पोटभर किंचाळून घेतलं. बाहेर आले तेव्हा नखशिखांत भिजले होते आणि रडतेय हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

चार वाजून गेले होते. लिऑर आईशेजारी बसला होता, तिचा हात हातात घेऊन. मालविकाने मला बाजूला घेतलं. "त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाल्या," ती डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं होतं, त्या विचार करायला वेळ मागतील."

सिमा उठून माझ्याजवळ आली. तिने स्वतःचा स्कार्फ काढून माझं डोकं पुसायला घेतलं. जरा वेळाने म्हणाली, "अरुणा, तुझ्या बॅगेत जागा आहे का ग?"

"किती?"

"सिनगॉगमधल्या बायकांसाठी रुमाल घेतलेत. एवढेच."

"आहे," मी म्हटलं. "दे."

लिऑरने तिला माझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. ते मला तिच्या पुसण्यावरूनच कळलं. आपल्या आईला माझ्याविषयी वाईट वाटू नये, म्हणून तो गप्प राहिला होता. कबुली द्यायचं माझं काम तो करणार नव्हता, आणि त्यात त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

हॉटेलात ज्योत चालत नाही, म्हणून सिमाने बॅटरीच्या दोन मेणबत्त्या आणल्या होत्या. सूर्य मावळायच्या आधी तिने ऑर्लीच्या हातून त्यांची बटणं लावून घेतली, डोळ्यांवर हात धरले, आणि ऑर्लीनेही धरले. मग लिऑर, मालविका आणि ऑर्ली पार्कमधली दिव्यांची मिरवणूक बघायला गेले. पार्कमधला शेवटचा दिवस, ऑर्लीला ती बघायचीच होती. सिमा आणि मी खोलीत राहिलो. खिडकीतून खालची वाजंत्री ऐकू येत होती.

मी तिच्या समोरच्या पलंगावर बसले आणि सांगितलं. सप्टेंबरातला फोन, मी काय बोलले, का बोलले, सगळं. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर स्वतःच्या बाजूने काहीतरी जोडलं असतं. सिमा त्या दोन खोट्या मेणबत्त्यांकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे त्याला तेव्हापासून विचारायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

ती मग अगदी हळू आवाजात, माझ्यावर जराही न चिडता म्हणाली, "दोन महिने मला वाटत होतं अरुणा, की माझ्या पोराला मी नको आहे."

इंग्लंडात इतकी वर्षं काढलेली मी. बसमध्ये दुसऱ्याने माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मी म्हणते. त्या वेळी तो शब्द तोंडातून बाहेर येईना, आणि आला असता तरी त्या दोन महिन्यांचं काय करणार होता? मी तशीच बसून राहिले. ती मला जा म्हणाली नाही.