खल्फानची टोपी आणि धुराचं यंत्र

ओमानमधल्या सूर गावातला खल्फान शाळेची बस चालवायचा आणि उरलेल्या वेळात धुराशी झटायचा. त्याची आई निखाऱ्यावर धूप घालताना खोकून बेजार होई. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच होतं, निखारा नको, राख नको, आणि घर मात्र दरवळलं पाहिजे.

पहिलं यंत्र त्याने छताच्या पंख्याला टांगलं. त्यातली राख सासूबाईंच्या नव्या ओढणीवर उडाली. दुसरं त्याने बसमध्ये बसवलं, तर पोरं शाळेत लग्नाहून आल्यासारखी घमघमत उतरली आणि मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून घेतलं. तरी खल्फान हटला नाही.

तिसरं यंत्र मात्र खरोखर जमलं. पत्र्याचा डबा, आत विजेची छोटी तबकडी, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरवर फिरणारं चाक आणि चाकात अंगुस्तानाएवढ्या वाट्या. वाट्यांत त्याची बायको झुवैना स्वतः शिजवलेला धूप दाबून भरायची. अगरूचा चुरा, साखर, गुलाबपाणी आणि आणखी काहीतरी, जे ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नसे. एक वाटी संपली की चाक फिरून दुसरी पुढे यायची. डब्याला काचेचा डोळा होता, बंद पडलेल्या एका दुकानाच्या दारातून काढलेला. त्यासमोर हात हलला की भस्सकन धूर.

"मेजवानीला कामाला येईल," खल्फान म्हणायचा.

"आधी दोन दिवस न बिघडता चालू दे," झुवैना म्हणायची, पण वाट्या मात्र मन लावून भरायची.

अशातच त्यांच्या शमसाला मागणी घालायला नाखवा हुमैद येणार असा निरोप आला. नाखवा म्हणजे जुना समुद्री माणूस, अर्धं आयुष्य गलबतावर घालवलेला, शब्दाला आणि रीतीला पक्का. त्याचा मुलगा अझ्झान शमसाला पसंत होता. हे घरात कोणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

"शमसाचे अब्बा, त्या दिवशी यंत्राला सुट्टी," झुवैनाने बजावलं.

"अगं, शेवटी धूप द्यावाच लागतो ना? तेव्हाच चालू करतो."

"धूप दिला म्हणजे पाहुण्यांनी उठायचं. तो आधी निघाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"मी काय वेडा आहे?"

तबकडी तापायला वेळ लागतो, म्हणून खल्फानने यंत्र आधीच चालू करून बैठकीतल्या फळीवर ठेवलं आणि झुवैनादेखत काचेच्या डोळ्यावर आपली नक्षीची टोपी घातली. आंधळं यंत्र काय करणार?

पण अंगणात गाडी थांबली आणि खल्फानच्या ध्यानात आलं की आपण बोडक्याने उभे आहोत. नाखव्यासमोर बोडक्याने? त्याने झटकन टोपी उचलून डोक्यावर घातली आणि हात पसरून दाराकडे धावला.

बायका आतल्या खोलीत झुवैनाकडे गेल्या, पुरुष बैठकीत बसले. तब्येती विचारून झाल्या. मासळीचे भाव झाले. खल्फानने कहवा ओतला. नाखव्याने पहिला घोट घेतला, घसा साफ केला आणि मुद्द्यावर येण्याआधी फळीसमोरच्या ताटातला खजूर घ्यायला हात लांब केला.

भस्स!

झुवैनाचा सगळ्यात उंची धूप थेट नाखव्याच्या दाढीत शिरला.

नाखव्याने खजूर न घेताच हात मागे घेतला आणि पेला उपडा केला.

"कळलं," तो उठत म्हणाला. "तोंडाने नाही म्हणण्यापेक्षा हे बरं."

"नाही, नाही! नाखवा, ते यंत्र..."

"खुलासा कशाला? अझ्झान, चल."

अझ्झानचा चेहरा पांढरा पडला होता. पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. शमसा तिथेच उभी होती.

नाखवा भर उन्हात गाडीपाशी जाऊन उभा राहिला. पण बायका काही बाहेर येईनात.

"मौझा!" त्याने खिडकीकडे बघून बायकोला हाक मारली. "निघायचंय!"

"कुठे निघायचं? अजून हलवासुद्धा आला नाही!"

"अगं, यांनी धूप दिला!"

"आम्हाला नाही दिला! तुम्हाला दिला असेल तर तुम्ही जा!"

अझ्झानला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं.

तेवढ्यात आतून झुवैनाचा आवाज खणखणला. "शमसाचे अब्बा! तुमची टोपी कुठे आहे?"

खल्फानने डोक्याला हात लावला. मग कपाळाला. आणि त्याने सरळ जाऊन नाखव्याचा हात धरला. "काका, एकदाच आत चला. पटलं नाही तर मीच तुम्हाला घरी सोडतो. शाळेच्या बसने."

उन्हाने म्हणा, कुतूहलाने म्हणा, नाखवा आत आला. खल्फानने त्याला फळीसमोर उभं केलं.

"आता हात हलवा."

नाखव्याने संशयाने हात हलवला. भस्स! तो दचकून मागे सरला. पुन्हा हलवला. भस्स! मग डावा हात. मग दोन्ही. बैठकीत समोरचा माणूस दिसेना, आणि धुरातून नाखव्याचं गडगडाटी हसू ऐकू आलं.

"संपला की काय?" शेवटी त्याने डब्याला टिचकी मारून विचारलं.

"भरलेल्या वाट्या आहेत आत," खल्फान म्हणाला.

"राहू दे. आधी पेला सरळ कर. पहिल्यापासून कहवा ओत. मला काहीतरी मागायचंय."

त्याने शमसाला मागितलं, आणि आत बायकांनी जिभा नाचवून आनंदाची किलकारी उठवली. मग नाखवा खल्फानच्या कानाशी वाकला. "आणि मुलीबरोबर हा डबाही दे. माझा मेहुणा संध्याकाळी येतो तो उठतच नाही."

लग्नानंतर ही गोष्ट गावभर झाली. आता सूरमधल्या कितीतरी घरांत खल्फानचा डबा फळीवर बसलेला आहे, आणि बायका वाट्या भरून घ्यायला झुवैनाकडे येतात. शेवटचं काहीतरी ती अजूनही सांगत नाही.

परवा खल्फान लेकीकडे गेला होता. कहवा झाला, हलवा झाला, पुन्हा कहवा झाला. नव्या यंत्रात काय काय असणार हे तो नाखव्याला रंगून सांगत होता. नाखवा ऐकता ऐकता जांभई दाबत होता. मग त्याने खजूर घ्यावा तसा सहज हात लांब केला.

भस्स!

खल्फानने डोळे मिटून पोटभर वास घेतला.

"बघा," तो टोपी सारखी करत उठला, "एकदाही बिघडलं नाही!"