तो ब्रश तिच्या गालाला लागलाच नाही

आधीच सांगते, भूतखेत, लागीर, बाहेरची बाधा यावर माझा काडीचा विश्वास नाही. कोणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली... आणि आताही लिहिताना स्वतःचाच राग येऊन राहिला आहे.

नागपूरला मानेवाड्यात, घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. मे महिना, दुपारचे दोन, कूलर फुल्ल, दाराला आतून कडी. खुर्चीवर शेजारची पल्लवी — मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, लग्न आठ दिवसांवर. होणारी सासू साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाली होती, फोटोत पोरगी जरा उजळ वाटली होती. ते तिला फार लागलं. रोज येऊन मागे लागायची, काकू, काहीतरी करा.

मसूरडाळ-दह्याच्या लेपानं आठ दिवसांत काय होणार? मी नुकतंच केमिकल पील शिकले होते. शिकले म्हणजे काय, दोन दिवसांचा क्लास केला आणि कडक ॲसिडची बाटली ऑनलाइन मागवली. वरची कातडी निघते, खालून नवी येते, एवढंच डोक्यात. आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट पाहायची असते, हे मला माहीत होतं. घाईत मी ते गाळलं. पल्लवी चार महिन्यांपासून मेडिकलमधून आणलेलं गोरं व्हायचं मलम लावत होती. तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

डोळ्यांवर कापूस ठेवून ती पडली होती. मी ग्लोव्हज घातलेले, एका हातात काचेची वाटी, दुसऱ्यात ब्रश. ब्रश गालाजवळ नेला आणि — फाडकन माझ्याच डाव्या गालावर थप्पड बसली. कानात शिट्टी वाजली, ओठ फाटून तोंडात रक्त आलं.

मला वाटलं पोरीनंच मारलं. पण तिचे दोन्ही हात चादरीखाली होते. मी भडक डोक्याची बाई, भीतीच्या आधी मला राग येतो. ‘कोन आहे बे?’ म्हणून ओरडले आणि मुद्दाम पुन्हा ब्रश टेकवायला गेले. या वेळी कोणीतरी मुठीत माझे केस धरले. डोकं भिंतीवर आपटलं, एकदा नाही, दोनदा. उजवं मनगट असं पिरगाळलं की हाड वाजलेलं मी ऐकलं. लाथा झाडल्या, शिव्या दिल्या, ट्रॉलीसकट खाली पडले. वाटी फुटली.

पल्लवी कापूस काढून उठून बसली.

"काकू, तुम्ही कोनासोबत भांडून राहिल्या?"

खोलीत आम्ही दोघीच, कडी तशीच. तेवढ्यात तिचा हात मानेकडे गेला. एक थेंब उडला होता. ग्लोव्ह झटकून टाकून डाव्या हातानं तिला बेसिनशी ओढत नेईपर्यंत तिथली कातडी पांढरी पडून सुटली, आतलं लाल मांस दिसलं. ती गुरासारखी ओरडत होती. हे एका थेंबानं केलं, आणि मी अख्खा चेहरा माखणार होते.

कातडीच्या डॉक्टर मॅडमनी मलाच झापलं. मलमानं कातडी आधीच पातळ झालेली, त्यावर हे ॲसिड, वरून नागपूरचं ऊन... चेहरा भाजून डाग आयुष्यभर राहिले असते. मलम त्यांच्या देखरेखीत हळूहळू सोडवलं. बाकी साधी क्रीम, सनस्क्रीन आणि धीर धर म्हणाल्या. पल्लवी सावळ्या चेहऱ्यानंच बोहल्यावर उभी राहिली. मी बाटली बंद केली ती कायमची. आता लेप लावते, नाहीतर डॉक्टरकडे पाठवते.

नवरा म्हणतो, "उन्हानं तुले भोवळ आली वं, तूच स्वतःले मारून घेतलं." बरं, मानलं. पण वाटीत ओततानाच माझे दोन्ही ग्लोव्हज ॲसिडनं ओले झाले होते. मी मारलं असतं तर गाल भाजला असता. गालावर नुसती बोटं उमटली होती. मनगट सव्वा महिना प्लास्टरमध्ये होतं.

कोण होतं, मला माहीत नाही. पण त्याहून जास्त जाळणारी एक गोष्ट आहे, ती आजवर नवऱ्यालाही सांगितली नाही. पल्लवीच्या आधी त्याच बाटलीतून मी एका पोरीला पील केलं होतं, बुटीबोरीच्या कापड कंपनीत कामाला होती. तिचे दोन्ही गाल काळे पडले. विचारायला आली तर उन्हात फिरलीस म्हणून मी तिलाच ओरडले, आणि ती मान खाली घालून निघून गेली. तिच्या वेळीही खोलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हा माझा हात कोणीच का धरला नाही?